खालच्या खडकाची रेघ

जानेवारी सरत आला की वलगावच्या रस्त्यानं जाताना मी बसची खिडकी उघडी ठेवते. मागच्या सीटवरून कुणीतरी थंडीची तक्रार करतं, मी ऐकून न ऐकल्यासारखं करते. रस्त्याच्या कडेला अजून दोन-चार संत्र्याच्या बागा शिल्लक आहेत. आंबिया बहार, म्हणजे थंडी सरताना येणारी फुलं, फुटला असेल तर त्याचा वास थेट आत येतो. त्याला नुसता गोड म्हणवत नाही. पाला चुरगाळल्यावर बोटांना जो कडवटपणा लागतो, तोही त्यात असतो. बाग मागे पडते, वास विरतो, आणि मी खिडकी लावून घेते. पुढे कॉलेज येतं, फळ्यावर पृथ्वीचा आडवा छेद काढायचा असतो, मुलं कवच-प्रावरण-गाभा असं पाठ म्हणून दाखवतात. पण त्या दिवशी माझं शिकवण्यात फारसं लक्ष नसतं.

संत्र्याला बहार हवा असेल तर आधी त्याला तहानेलं ठेवावं लागतं. डिसेंबरात बागेचं पाणी तोडतात. महिना-दीड महिना झाड तसंच उभं राहतं, पानं मलूल होतात, कडेनं वळतात, थोडी गळतातही. याला ताण देणं म्हणतात. मग पाणी सोडलं की आठ-पंधरा दिवसांत अख्खी बाग पांढरी होते. खडकाला जे सोसावं लागतं त्यालाही आमच्या विषयात ताणच म्हणतात. हे दोन्ही ताण मी एकाच हंगामात, एकाच वावरात पाहिले.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. घर अकोल्याला, जठारपेठेत. भूशास्त्रात एम.एस्सी. झाले होते, आणि त्याचं पुढे काय करायचं हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, मलाही नाही. वऱ्हाडाची ती वर्षं वाईट होती. पाऊस नको तेव्हा यायचा, हवा तेव्हा यायचा नाही, विहिरी दिवाळीलाच तळ दाखवायच्या. सकाळी पेपर आला की वडील आधी आतली पानं चाळून मगच आमच्या हातात द्यायचे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातमीत आज कुठल्या गावचं नाव आहे हे त्यांना एकट्यानं आधी बघायचं असायचं.

अशात मला एका संशोधन प्रकल्पात वर्षभराचं काम मिळालं. प्रकल्पाचे प्रमुख मूळचे पुण्याचे, उंच, हळू बोलणारे; आम्ही सगळे त्यांना नुसतं सर म्हणायचो. अमरावती-अकोल्याच्या भागात तीन ठिकाणी भूकंपमापक पुरायचे, दर पंधरा दिवसांनी जाऊन त्यातली नोंद काढून आणायची, बॅटरी तपासायची, एवढं माझं काम. एक यंत्र अकोल्याजवळ, एक चांदूर रेल्वेकडे आणि एक वलगावला.

पहिल्याच दिवशी मी सरांना विचारलं, "पण सर, आपल्याकडे भूकंप होतात कुठे?"

"आपल्याकडे व्हायला नकोच आहेत," ते म्हणाले. "दूर व्हायला हवेत. दक्षिण पॅसिफिकमधल्या बेटांखाली झाला तर उत्तम."

मग त्यांनी समजावलं ते मी आजही जवळपास त्यांच्याच शब्दांत शिकवते. दूरवरच्या मोठ्या भूकंपाच्या काही लाटा पृथ्वीच्या पोटातून, गाभ्याला वळसा न घालता थेट त्यातून प्रवास करतात आणि वीस-पंचवीस मिनिटांनी आपल्या पायाखालून जवळजवळ सरळ वर येतात. आपल्याला काही जाणवत नाही, यंत्राला जाणवतं. शेवटच्या टप्प्यात त्या आपल्या भूखंडाखालच्या खोल खडकातून जातात. तो खडक सगळीकडून सारखा असेल तर लाट जशी शिरली तशी बाहेर येते. पण कधीकाळी तो प्रचंड दाबाखाली पिळला गेला असेल, ताणला गेला असेल, तर त्यातले स्फटिक एका दिशेला ओळीनं लागलेले असतात. मग एका लाटेच्या दोन होतात. जी त्या ओळीच्या दिशेनं हलते ती आधी पोचते, जी आडवी हलते ती मागून येते. फरक सेकंदाभराचा. त्या सेकंदावरून आपण नकाशावर एक बाण काढतो आणि म्हणतो, इथला खडक कधीतरी या दिशेनं ताणला गेला होता.

"वऱ्हाडावर लाव्ह्याचा काळा थर आहे," सर म्हणाले. "त्याच्या खालचं जुनं काही दिसत नाही. आपण वरून बघू शकत नाही म्हणून खालून येणाऱ्याला विचारायचं."

मला ते फार आवडलं. चोविसाव्या वर्षी आपल्याला काहीतरी असं ठाऊक आहे जे आजूबाजूच्या कुणालाच ठाऊक नाही, याचा आनंद निराळाच असतो. आणि तो लपवता येत नाही.

वलगावला जागा शोधताना दोन दिवस गेले. यंत्राला शांतता लागते. जवळ रस्ता नको, पिठाची गिरणी नको, मोटरपंप सतत चालणारा नको. शेवटी गावाच्या वरच्या अंगाला, बरड जमिनीत, जिथं हातभर मातीखाली काळा खडक लागतो तिथं, कमलकाकू इंगळ्यांचं वावर मिळालं. काकू पंचेचाळिशीच्या असतील. नवरा मेळघाटात एका आश्रमशाळेत शिपाई, महिन्यातून एकदा घरी यायचा. मुलगी नर्सिंगला. वावर काकू एकट्या बघायच्या. थोडी कपाशी, थोडी तूर, आणि विहिरीभोवती संत्र्याची एकशेवीस झाडं. ती झाडं त्यांनी स्वतः लावली होती आणि सात वर्षं वाढवली होती. त्यांच्या सासऱ्यांच्या काळी त्या जमिनीत नुसतं गवत यायचं, हे त्या मला पहिल्या भेटीत दोनदा सांगून गेल्या.

"यंत्र पुराले जागा देतो," त्या म्हणाल्या. "पन वावरात काई करू नोका म्हनसान तर जमनार नाई."

"काहीच अडचण नाही. फक्त खड्ड्याजवळ बैल बांधू नका."

"बैल हायेत कुठं?"

खड्डा खोदायला रशीदभाई आले. साठीचे, अंगानं सडसडीत, मेंदी लावलेली दाढी. वलगावच्या आसपासच्या निम्म्या विहिरी त्यांनी, त्यांच्या वडिलांनी किंवा चुलत्यांनी खोदलेल्या. सब्बल, म्हणजे पहार, खडकावर आपटून ते आवाज ऐकायचे आणि मग दोन बोटं सरकून पुन्हा आपटायचे. मी विचारलं काय ऐकता, तर म्हणाले, "ठोस हाय का पोकळ, इतकंच. बाकी अल्ला जाने." दोन दिवसांत त्यांनी मला हवा तसा चौकोनी खड्डा काढून दिला, तळाशी सपाट, धुतल्यासारखा स्वच्छ काळा दगड. त्यावर सिमेंटचा लहानसा ओटा, ओट्यावर यंत्र, वर पत्र्याची पेटी आणि पेटीवर माती. शेजारी खांबावर सौरपट्टी. काकूंनी त्या पट्टीकडे पाहून विचारलं, "एवढ्याशा उन्हावर चालते?"

"चालतं."

"बरं हाय त्याचं," त्या म्हणाल्या.

दर पंधरा दिवसांनी मी अकोल्याहून पहाटेच्या गाडीनं निघायची, अमरावतीला उतरून वलगावची बस पकडायची. सरांसमोर मी 'जाते-येते' म्हणायची आणि काकूंसमोर आपोआप घरच्यासारखं 'जातो-येतो' यायचं तोंडात. वऱ्हाडातल्या बायका तशाच बोलतात. नोंद काढायला अर्धा तास पुरायचा, पण परतीची बस दुपारची, म्हणून उरलेला वेळ काकूंबरोबर जायचा. कपाशी वेचायला मीही कमरेला ओटी बांधून मागे लागायची. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी नखांच्या कडा फाटायच्या. काकूंच्या हातून दोन ओळी होत तेव्हा माझी अर्धी झालेली असे. हिवाळ्याच्या स्वच्छ सकाळी उत्तरेला गाविलगडाची रांग निळी दिसायची, एखाद्यानं पट्टी धरून आखल्यासारखी पूर्व-पश्चिम.

विहीर खाली चालली होती. प्रत्येक फेरीला एक नवा दगड उघडा पडलेला दिसायचा. गावात कुणीतरी बोललं की इंगळ्यांच्या वावरात सरकारी पेटी पुरल्यापासून पाणी उतरलं. काकूंनी त्या माणसाला चावडीसमोर गाठून विचारलं म्हणे, "साऱ्या गावच्या विहिरी आटून राहिल्या, तेथं कोनती पेटी हाय?" हे मला रशीदभाईंनी सांगितलं. काकू स्वतः बोलल्या नाहीत. त्यांनी मला एवढंच विचारलं, "तुह्या यंत्राले पानी दिसते का वं?"

"नाही काकू. ते पाण्याचं यंत्र नाही."

"मंग काय दिसते?"

मी सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे खालचं दिसते. पन पानी नाई दिसत."

डिसेंबरात सरांनी मला पहिला बाण दाखवला. एका भूकंपाची नोंद वलगावच्या यंत्रात छान उतरली होती. कागदावर लाटेच्या दोन वळ्या होत्या, एक किंचित आधी, एक किंचित मागे. सरांनी आकडेमोड करून नकाशावर छोटी रेघ ओढली: पूर्वेकडून थोडी ईशान्येला कललेली. गाविलगडाच्या रांगेशी जवळपास समांतर.

"म्हणजे सातपुडा ज्या घडामोडींतून आला त्यांचीच ही खूण?" मी विचारलं.

"असेल. किंवा आपलं भूखंड आजही ईशान्येकडे सरकतंय, त्याच्या तळाशी आत्ता जे ओढलं जातंय त्याची असेल. जुनी की आजची, हे एका बाणावरून सांगायचं नसतं."

त्यांचं वाक्य मी ऐकलं, पण घरी नेली ती फक्त रेघ. पुढच्या फेरीला वलगावला उतरले तेव्हा मला कुणाला तरी सांगायचं होतं. काकू बागेत झाडांखालचा पाला गोळा करत होत्या. पाणी तोडून पंधरा दिवस झाले होते, पानं मलूल व्हायला लागली होती. मी वाळकी काडी उचलली आणि विहिरीजवळच्या मोकळ्या मातीत लांबलचक रेघ ओढली.

"काकू, हे बघा. तुमच्या वावराखालचा खडक असा लागलाय. या दिशेनं."

त्या रेघेजवळ येऊन उभ्या राहिल्या. एका टोकाकडे पाहिलं, मग दुसऱ्या. रेघ विहिरीच्या पूर्वेच्या काठाला भिडली होती.

"म्हंजे खडकाच्या फटा बी अशाच असतीन?"

इथं मला नाही म्हणायचं होतं. मी दाखवत होते तो खडक शंभर-दीडशे किलोमीटर खाली होता. त्यांची विहीर पन्नास फूट. वरचा लाव्हा आणि खालचा तो खडक यांचा एकमेकांशी जवळचा संबंध नव्हता. हे सगळं मला माहीत होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच माझ्या कामाबद्दल आदर दिसला होता, आणि मला तो मोडवेना.

"असू शकतात," मी म्हणाले.

त्या पुन्हा पाला गोळा करायला लागल्या. मी बस पकडून घरी आले. रात्री जेवताना आईला हौसेनं सांगितलं की वलगावच्या काकूंना माझं काम आता कळायला लागलंय.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी गेले तेव्हा दुरूनच मशीनचा आवाज ऐकू आला. विहिरीवर तीन पायांचं तिकाटणं उभं होतं, आणि आत उतरवलेली मशीन विहिरीच्या भिंतीत आडवं बोअर घेत होती. खोल जाऊनही पाणी लागत नाही तेव्हा आमच्याकडे हेच करतात. भिंतीला आडवं भोक पाडून बाजूच्या खडकातली एखादी ओली फट शोधतात. काठावर रशीदभाई उकिडवे बसले होते. आत पूर्वेकडच्या भिंतीत दोन भोकं दिसत होती. दोन्हींतून नुसती राखाडी भुकटी सांडलेली.

"कोरडी गेली," रशीदभाई म्हणाले. "दोन्ही."

"पूर्वेलाच का घेतली?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "मले तं त्या आंगाले ओल दिसली होती," त्यांनी पश्चिमेच्या भिंतीकडे हात केला. तिथं दगडावर बोटभर रुंदीचा हिरवट पट्टा होता. "मी कमलबाईले सांगतलं. पन त्या म्हने, मॅडमनं रेघ काढून देल्ली. मॅडम शिकल्या-सवरल्या, त्याइच्याकडे यंत्र हाय. मंग मी काय बोलू?"

मशीनवाला उद्या चांदूर रेल्वेला जाणार होता. त्याच्या हाती आणखी एकच बोअर घेण्याइतका दिवस होता.

काकू बागेच्या कडेला उभ्या होत्या. त्यांच्याकडे जाईपर्यंतची ती वीस पावलं मला आजही मोजून सांगता येतील. मी म्हणाले, "काकू, माझं चुकलं. ती रेघ विहिरीच्या खडकाची नाही. फार खोलची आहे, शंभर किलोमीटरहून खोल. तिच्यावरून पाणी कुठं असेल ते सांगता येत नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट वळून पाहिलं. मग म्हणाल्या, "हे तुले तवा माईत होतं का आता समजलं?"

"तेव्हाही माहीत होतं."

"मंग तवाच काहून नाई सांगतलं?"

 त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. विहिरीकडे वळून रशीदभाईंना हाक मारली, "भाई, तुमी म्हनता त्या आंगाले घ्या आता."

पण पश्चिमेच्या त्या अंगाला, विहिरीपासून जेमतेम चाळीस फुटांवर, माझं यंत्र पुरलेलं होतं. मशीन त्याच्या दिशेनं खडक फोडत जाणार होती. अशा वेळी काम थांबवायला सांगणं माझ्या नेमणुकीच्या कागदातच लिहिलेलं होतं. मशीनवाला, रशीदभाई, काकू, तिघंही माझ्याकडे बघत होते. काकूंना आणि रशीदभाईंना ते ठाऊक होतं. खड्डा खोदताना मीच सांगितलं होतं.

मी म्हणाले, "घ्या. मी सरांना फोन करून येतो."

गावातल्या एसटीडी बूथवरून मी सरांना सगळं सांगितलं. रेघ मातीत काढली इथपासून.  बूथमधल्या मीटरच्या लाल आकड्यांकडे बघत मी थांबले.

"यंत्र बंद केलंस का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"करू नकोस. काढूही नकोस. मशीन कधी सुरू होते, कधी थांबते, त्या वेळा वहीत सेकंदासकट लिहून ठेव. नोंद बिघडली तर बिघडली." मग जरा थांबून म्हणाले, "त्या बाईंना खरं सांगितलंस ना?"

"सांगितलं."

"ठीक आहे," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

ती दुपार मी विहिरीच्या काठावर वही मांडीवर घेऊन बसले. मशीन चालू, मशीन बंद, पाती बदलली, पुन्हा चालू. काकू समोरच्या काठावर बसल्या होत्या. आमच्यामध्ये ती रिकामी विहीर. मागे ताणावरची झाडं, एकशेवीस, पानं मिटल्यासारखी. वारा नव्हता. मला वाटत होतं की काकू उठून काहीतरी कडक बोलतील तर बरं होईल. त्यांनी मधे एकदा तांब्यातलं पाणी पुढे केलं, एवढंच.

तीन वाजून गेल्यावर रशीदभाईंनी आतून हात वर केला. मशीन थांबली. भोकातून आधी काळपट चिखल आला, मग गढूळ पाणी, मग करंगळीएवढी धार. धार भिंतीवरून ओघळत तळाशी जायला लागली.  रशीदभाई धारेखाली ओंजळ धरून बसले, ती भरायला किती वेळ लागतो ते बघत. वर येऊन त्यांनी काकूंना सांगितलं, "तीस-चाळीस झाडं जगतीन. साऱ्याइले नाई पुरनार."

"पयलेच या आंगाले तिन्ही घेतले असते तं?" काकूंनी विचारलं.

"नाई सांगता येत, बाई. कदाचित जास्त लागलं असतं. कदाचित हेच."

त्यांनी माझी सुटका केली नाही आणि मला दोषही दिला नाही. जे माहीत नव्हतं ते माहीत नाही म्हणाले. माझ्या हातात यंत्र होतं, पदवी होती, आणि हे एवढंसं वाक्य मला मागच्या फेरीला उच्चारता आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी अकोल्याला गेले नाही. रात्री काकूंकडेच राहिले होते. सकाळी त्यांनी एक जुनं लुगडं फाडून त्याच्या पट्ट्या केल्या आणि अर्ध्या मला दिल्या. जी झाडं ठेवायची त्यांना पट्टी बांधायची. काकू पुढे चालायच्या, झाडापाशी थांबायच्या, बुंध्याला हात लावायच्या. कधी लगेच मान हलवायच्या, कधी पुढे जाऊन परत यायच्या. एका झाडापाशी बराच वेळ थांबल्या. मुलगी दहावीला होती तेव्हा पहिल्यांदा फळ आलेलं ते झाड. पण ते विहिरीपासून फार लांब होतं.

"ताण देल्लेल्या झाडाले माईत नसते," त्या म्हणाल्या, "का पानी येनार हाय का नाई. ते आपलं वाट पाह्यते." आणि पट्टी न बांधता पुढे गेल्या.

अडतीस झाडांना पट्ट्या बांधल्या. माझ्या हातात तीन पट्ट्या उरल्या होत्या. मी त्या परत द्यायला गेले तर त्यांनी घेतल्या नाहीत. "राहू दे," म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांनी मला मॅडम म्हणणं सोडलं. पोरी म्हणायला लागल्या. याचा अर्थ त्यांनी मला माफ केलं असा मी लावला नाही, अजूनही लावत नाही.

नोंद घेऊन मी सरांकडे गेले तेव्हा कळलं की त्याच दुपारी, मशीन चालू असताना, दक्षिण पॅसिफिकमध्ये मोठा भूकंप झाला होता. ज्याची आम्ही अख्खा हंगाम वाट पाहत होतो तसा. कागदावर वलगावची नोंद नुसती काळी खरड दिसत होती. मी मान खाली घालून उभी. सरांनी माझी वही मागितली. वेळा जुळवल्या. मग मशीनची भराभर थरथर संगणकातून गाळून काढली, थोडी थोडी करत. खालून एक संथ, रुंद वळी वर आली. दहा सेकंदांत एकदा हलणारी. मशीननं इतकी धडधड केली होती तरी तिच्या चालीला धक्का लागला नव्हता. ती इतकी सावकाश हलत होती की मशीनची गडबड तिच्याशी जुळतच नव्हती.

त्या वळीचेही दोन तुकडे झालेले होते. सरांनी बाण काढला. तो आधीच्या बाणापासून चांगला वीस अंशांनी फिरलेला निघाला.

"म्हणजे आधीची रेघ चूक?" मी विचारलं.

"चूक नाही. एकाच ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी असतील. वर जुन्या काळचं काही, खाली आजचं काही. किंवा आपलं मोजणं कच्चं असेल." त्यांनी चष्मा काढला. "माहीत नाही."

मी मातीत काढलेल्या रेघेचा मला तेव्हा फार मोठा भार वाटला. ज्या दिशेनं दोन बोअर कोरडी गेली, ती दिशा खोल खडकाचीसुद्धा धड ठरलेली नव्हती.

फेब्रुवारीत अडतीस झाडं फुलली. बाकीची तशीच उभी होती, पानं गळून. वावरात शिरलं की एका बाजूला वास आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. मधमाश्या त्या अडतीस झाडांवर इतक्या की जवळून जाताना कानाशी गुणगुण यायची.

यंत्र काढायला मी मे महिन्यात शेवटची गेले. रशीदभाईंनी खड्डा उघडून दिला. सगळं गुंडाळून झाल्यावर काकूंनी विचारलं, "मंग त्या खालच्या खडकाचं काय झालतं? तानला म्हनतेस, तं तुटला काहून नाई?"

"तो खूप खोल, खूप तापलेला असतो काकू. हळूहळू ताणला तर तुटत नाही, वाहतो. आपण नुसतं बघायचं म्हटलं तर दिसणार नाही इतकं हळू."

"किती हळू?"

"वर्षभरात आपली नखं वाढतात तितकं."

काकूंनी स्वतःचे हात उलटे करून बघितले. "माही नखं कुठं वाढतात वं. कामातच झिजतात सारी." मग म्हणाल्या, "पन हे कदी झालं? आदी का आता?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "सर म्हणतात, दोन्ही असेल. अजून कळलेलं नाही."

"कळलं का सांगजो."

वर्षं गेली. सर निवृत्त झाले, प्रकल्प संपला, आमच्या तिन्ही ठिकाणचे बाण एका मोठ्या नकाशात बाकीच्या बाणांबरोबर जाऊन बसले. मी अमरावतीला शिकवायला लागले. विद्यार्थी अशक्य प्रश्न विचारतात, आणि माहीत नसेल तर मी माहीत नाही म्हणते. नव्यानं लागलेले सहकारी मला सांगतात की असं वारंवार म्हटलं तर मुलांचा विश्वास उडतो. मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

वलगावला मात्र जायचं राहत होतं. दरवर्षी वास यायचा, मी खिडकी लावायची, बस पुढे जायची. मागच्या जानेवारीत मात्र एका रविवारी मी उतरले. वावर सापडायला वेळ लागला नाही. जिथं झाडं गेली होती तिथं आता तूर उभी होती, शेंगा भरलेल्या. रशीदभाई दोन वर्षांपूर्वी गेले, हे रस्त्यातच एकानं सांगितलं. काकूंचे केस पूर्ण पांढरे झाले होते. विळा बाजूला ठेवून त्यांनी कपाळावर आडवा हात धरून माझ्याकडे पाहिलं आणि ओळखलं.

"काकू," मी म्हणाले, "तुम्ही विचारलं होतं, खालचा खडक कधी ताणला गेला. अजून नक्की नाही कळलं. लोक अजून मोजतायत."

"एवढं सांगाले आली? बसनं?"

"हो."

 त्यांनी तुरीच्या कडेची बाज ओढून सावलीत आणली आणि म्हणाल्या, "बस मंग. च्या मांडतो."